डबा कोणी धरायचा

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

आज पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं, ‘बाल मानसिक आरोग्य केंद्र, धामणगाव बढे’. ह्यांच्या बी-बियाण्यांच्या दुकानाची पाटी ज्या दोन खिळ्यांवर जन्मभर होती, त्याच खिळ्यांवर. मी माणसाला म्हटलं, दुसरे खिळे ठोक. तो म्हणाला, हेच मजबूत आहेत.

सरकारने यंदा लहान मुलांच्या मनाच्या दुखण्यांसाठी निधी दिला आहे म्हणे, आणि तो शहरातच जिरू नये म्हणून मोठ्या खेड्यांतूनही खोल्या घेतल्या. हे गेल्यापासून दुकान बंदच होतं. हर्षलने पुण्याहून परस्पर सगळं ठरवलं आणि मला फोनवर सांगितलं, आई, तुला सोबत होईल. मला सोबत हवी आहे, असं मी त्याला कधी म्हटलं होतं देव जाणे.

समुपदेशक म्हणून एक मुलगी आली आहे, अर्पिता. नाशिककडची. बारीक अंगाची, बोलायला गोड. खोलीत पाऊल टाकताच तिला युरियाच्या वासाने शिंका आल्या. मी म्हटलं, बाई, हा वास जाणार नाही, तुलाच सवय करावी लागेल. तिने हसून पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि जमीन पुसायला घेतली. मुलगी कामाची दिसते. पण काम कोणाचं करणार, हा प्रश्न आहे. आमच्या वेळी पोरांना असलं काही होत नव्हतं. पडली, रडली, उठली, खेळायला गेली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडा झाला, चिटपाखरू फिरकलं नाही. अर्पिता रोज खेळणी मांडते आणि संध्याकाळी उचलते. आज दळण आणायला गेले तर गिरणीत समोरची आशाबाई हळूच विचारते, “सरस्वतीबाई, तुमच्याकडं डोक्याचा दवाखाना उघडला म्हणतात. तब्येत बरी आहे ना तुमची?” आता गावाला वाटतं मलाच काहीतरी झालं आहे.

अर्पिता संध्याकाळी माझ्यासोबत ओसरीतल्या बंगईवर बसते. आम्ही झोके घेतो आणि चहा पितो. ती फार प्रश्न विचारते. आज म्हणाली, “काकू, तुमच्या आईचं नाव काय होतं?” मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि उठले.

४ सप्टेंबर, गुरुवार

खुर्शीदा आली होती, सोबत नात सबीहा. खुर्शीदा माझी बालमैत्रीण. माहेर आणि सासर दोन्ही याच गावात असण्याचं भाग्य आम्हा दोघींनाच लाभलं, म्हणून साठीनंतरही आम्ही एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढू शकतो.

सबीहा नऊ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात तिची आई यास्मीन तापाने गेली, आणि तेव्हापासून पोर बोलत नाही. घरात नाही, शाळेत नाही, बापाशीही नाही. ऐकते सगळं, डोळे टपोरे, सांगितलेलं काम करते. तिचा बाप शाकिर बाजारोबाजार बांगड्या विकतो, तो बिचारा पोरीला काय विचारणार. सैलानी बाबाच्या दर्ग्यालाही नेऊन आणली. कानाच्या डॉक्टरने कान चांगले म्हणून सांगितलं.

अर्पिता बाहेर आली, खाली बसली आणि सबीहापुढे नुसता रंगांचा डबा ठेवला. खुर्शीदाने पोरीचा हात धरून मागे ओढलं.

“नको, बाई. पाटी वाचली म्या. माही पोरगी पागल नाही.”

“पागल कोण म्हणतंय, आजी?”

“तुमी नाही म्हणत. पण लोकं म्हनतीन. उद्या तिचं लग्न करा लागते मले.”

मीही समजावलं. ती मलाच म्हणाली, “सरू, तुह्या घरी येणं बंद करू काय मी आता?” जाताना सबीहा वळून रंगांकडे पाहत होती.

८ सप्टेंबर, सोमवार

काल पौर्णिमा, भुलाबाई बसवायचा दिवस, पण ग्रहण होतं म्हणून आज बसवली. किती वर्षांनी. खरं तर मनात नव्हतं. सकाळी अर्पिता रिकाम्या खोलीत एकटीच ठोकळे रचत बसलेली दिसली आणि माझा जीव कळवळला. म्हटलं, घरात पोरींचा आवाज तरी होऊ दे.

कुंभाराकडून भुलाबाई-भुलोजी आणले. शेतातून ज्वारीचे हिरवे धांडे मागवले आणि ओसरीत मखर बांधलं. बांधायला आधार हवा तर तेच दोन खिळे. त्यामुळे पाटी सगळी धांड्यांआड गेली. अर्पिता कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मी म्हटलं, कोजागिरीपर्यंत राहू दे, मग काढू, तशीही ती वाचून कोण येतंय. ती फार वेळ हसली. तिला माहीत नव्हतं भुलाबाई म्हणजे काय, सगळं सांगावं लागलं. महिनाभर संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, मग खाऊ. पण खाऊ असा मिळत नाही. जिचा खाऊ असेल ती झाकलेला डबा हलवते आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं, गोड की तिखट, कोरडं की ओलं. डबा धरणारीने तोंड मिटून बसायचं. हसायचंसुद्धा नाही. पोरी हरल्या म्हणजेच ती नाव सांगते आणि झाकण उघडते.

आज महामाया आणि तिच्या वर्गातल्या दोघीतिघीच आल्या. महामाया आशाबाईची नात, तिचा आवाज एकटीच दहाजणींना पुरतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ओसरी भरली आज. आयाही दाराशी उभ्या होत्या. काही पोरी आत खेळणी बघायला गेल्या. महामाया तर तासभर आत बसली आणि बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती, पण चेहरा हलका होता. काय झालं म्हणून मी अर्पिताला विचारलं. म्हणाली, “काकू, ते खोलीतच राहतं.” माझ्या घरातल्या खोलीत काय राहतं ते मला कळू नये. मी जरा रागावले. मग तिने चहा केला.

रात्री जेवताना जुन्या भुलाबाई आठवल्या. आमच्या गल्लीत तेव्हा सगळ्या पोरी यायच्या, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही. खुर्शीदा आरतीला पायरीवर थांबायची आणि खाऊला सगळ्यांच्या पुढे. तिचा खाऊ कोणालाच ओळखता यायचा नाही, कारण ती मलिदा आणायची, असा दाबून भरलेला की डबा वाजतच नसे. आई गेली त्या वर्षीची भुलाबाई माझ्या काकूंकडे होती. त्या वर्षी मी फार शहाणी झाले होते असं काकू सगळ्यांना सांगायच्या. कोणाला उलटून बोलत नसे. शाळेत मास्तरांनीही मला प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. खुर्शीदा महाआळशी, डबा आणायची आणि माझ्या हातात द्यायची, म्हणायची “धर”. महिनाभर रोज मीच तिचा डबा धरला. मग पोरींनी कितीही छेडलं तरी मी आपली गप्प. छान दिवस होते ते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज खुर्शीदा सबीहाला घेऊन आली. आधी रस्त्यावर उभी राहून मखराकडे बघत होती. धांड्यांमागे पाटी आहे हे तिला पक्कं ठाऊक, पण दिसत नव्हती तेव्हा तिची हरकत नव्हती. येऊन पायरीवर बसली, लहानपणीच्या जागेवर.

गाणी झाल्यावर तिने पिशवीतून डबा काढला आणि सबीहाच्या हातात दिला. म्हणाली, “धर.”

मला हसू आलं. एवढी म्हातारी झाली तरी आळस जात नाही. स्वतः हलवला असता तर काय हात मोडला असता. पण सबीहाने डबा असा घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. पोरींनी ओरडून विचारलं, चकली? शेव? मुरमुरे? ती नुसती मान हलवत होती. कोणी तिला “बोल ना” म्हटलं नाही, कारण डबा धरणारीने बोलायचंच नसतं. शेवटी महामायाने शेंगदाण्याचे लाडू ओळखले. सबीहाने झाकण उघडलं आणि मला वाटलं ती हसली. अर्पिता दारात उभी होती, तिने पाहिलं. ती पुढे आली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शुक्रवारपासून म्हणे सबीहा रोज चारपासून चपला घालून दाराशी बसते.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस वाईट गेला, आणि थोडा माझ्यामुळे.

दुपारी बुलढाण्याहून केंद्राची तपासणी करायला साहेब आले, प्रसेनजित नावाचे. तरुण, सरळ माणूस. आधी त्यांना केंद्रच सापडेना. गल्लीतून दोनदा गाडी गेली. मग ओसरीत येऊन धांडे बाजूला करून पाटी वाचली आणि मला म्हणाले, “आजी, हे काय?” मी म्हटलं, भुलाबाई. ते म्हणाले, “आमच्याकडेही बसायच्या. पण निधी भुलाबाईसाठी नाही.” मग अर्पिताला समजावून सांगितलं, की ओसरीत खेळायला येणारी मुलं मोजता येत नाहीत. ज्यांना खरी गरज आहे त्यांचे पालक स्वतः आणून बसवत नसतील, तर हा पैसा बुलढाण्याच्या केंद्राला द्यावा लागेल. कोजागिरीला पुन्हा येऊन पाहतो म्हणाले.

ते गेल्यावर अर्पिता बंगईवर बसून रडली. म्हणाली, “काकू, महामायासारख्या मुली कुठेही बोलतील. पण सबीहाला बुलढाण्याला कोण नेणार दर आठवड्याला? तिच्यासाठी तरी ही खोली राहायला हवी.” एसटी, धंदा बुडवून जाणारा शाकिर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

म्हणून संध्याकाळी मीच घाई केली. सबीहाच्या हातात डबा होता, पोरी हरल्या. मी म्हटलं, आता नाव सांगायचं, नियमच आहे. ती बघत राहिली. मी पुढे झाले, “बोल ना बाई, जीभ काही झिजत नाही. एक शब्द बोलली की झालं.” सबीहाच्या हातातून डबा पडला, गुलगुले ओसरीभर घरंगळले आणि ती पळत गेली.

खुर्शीदा उठली. मला वाटलं भांडेल. ती गुलगुले वेचत म्हणाली, “तुनं तं असं नाही करा लागत होतं, सरू. तुनं तं नाहीच.” आणि गेली. मीच का नाही, ते काही कळलं नाही. मी भल्यासाठीच बोलले होते. पण जेवण गेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

सबीहा त्या दिवसापासून आली नाही. आज मी खुर्शीदाच्या घरी गेले. शाकिर दारात बांगड्यांच्या पेट्या बांधत होता. सबीहा मला पाहून आत गेली.

मी खुर्शीदाला म्हटलं, चुकलं माझं. हे मी सहसा कोणाला म्हणत नाही. हर्षललाही नाही. ती लसूण सोलत होती, तिने निम्मा माझ्यापुढे सरकवला. आम्ही बराच वेळ सोलत बसलो.

मग म्हणाली, “रोज मी तिले इचारतो, काय पाह्यजे? ती खिडकीकडं पाह्यते. तुह्या ओसरीकडं.”

“मग आण की तिला.”

“अन् ते पोरगी, अर्पिता... ते काय करते आत?”

“मला सांगत नाही. म्हणते, ते खोलीतच राहतं.”

खुर्शीदाने लसणाची पाकळी तशीच हातात धरली. “कोणालेच नाही सांगत?”

“मलासुद्धा नाही. माझं घर आहे तरी.”

तिने पाकळी सोलून टाकली. मग म्हणाली, “कोजागिरीले डबा आणतो.”

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

सगळं नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पोरींना जागरण झेपत नाही म्हणून चंद्र वर येताच सुरुवात केली. मखराला आज कणसं आलेले ताजे धांडे बांधले. अर्पिताने साडी नेसली होती. प्रसेनजित साहेब आले आणि एका बाजूला खुर्चीवर बसले, हातात पेन होतं पण उघडलं नाही. खुर्शीदा आली. सबीहाही आली, डबा पोटाशी धरून. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

सगळ्यांचे खाऊ ओळखून झाले. शेवटी सबीहा मध्ये उभी राहिली आणि डबा हलवला.

आवाजच नाही.

पोरी जवळ सरकल्या. पुन्हा हलवला. काहीच नाही. महामाया म्हणाली, “रिकामा हाय काय वं?” सबीहाने मान हलवली. मला त्याच क्षणी कळलं डब्यात काय आहे. ओठांवर आलं होतं. सगळा जन्म मी ओठांवर आलेलं आत ठेवलं नाही, पण आज ठेवलं. पोरींनी साय म्हटलं, केळं म्हटलं, कापूस म्हटलं. साहेबसुद्धा हळूच “पेढा?” म्हणाले. मग महामायाने हात जोडले, “हरलो बाप्पा. सांग आता.”

आता नाव सांगायचं. तोच नियम. खुर्शीदा बोलायला निघाली, मी तिचा हात दाबला. सबीहा उभी होती. तिने आपल्या आजीकडे पाहिलं, दारातल्या अर्पिताकडे पाहिलं. अर्पिता काहीच करत नव्हती, नुसती खाली बसली होती, तिच्या उंचीला.

मग सबीहाने झाकण उघडलं, चिमूटभर काढलं आणि महामायाच्या तळहातावर ठेवलं. महामायाने खाल्लं आणि ओरडली, “मलिदा हाय!” नियमात हे बसत नाही. पण कोणी काही म्हटलं नाही, मीही नाही. सबीहा गोल फिरत एकेकीच्या हातावर ठेवत गेली, प्रत्येकीने खाल्लं आणि नाव घेतलं. साहेबांनीही घेतलं. ती शेवटी माझ्यापुढे आली.

तोच वास. तूप, गूळ, वेलची, भाजलेल्या पोळीचा चुरा. मी खाल्लं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. एवढासा शब्द, आणि तो माझ्या तोंडातून निघेना. काकूंची ओसरी दिसली, आणि माझ्या मांडीवरचा डबा, आणि मागच्या दारी दोरीवर वाळत असलेलं आईचं लुगडं, जे बरेच दिवस कोणी काढलंच नव्हतं.

सबीहा वाट पाहत होती. तिने मला “बोल” म्हटलं नाही. माझ्या हातावर अजून एक चिमूट ठेवली.

बाजूला खुर्शीदा हळू आवाजात म्हणाली, “तुही माय गेली तवा तू बी अशीच झाली होती. वर्षभर एक शब्द नाही. सगळे म्हणे, सरू शहाणी झाली. मले समजे ना काय करू. मंग मी डबा तुले देत होतो. डबा हाती असला का कोणी बोल म्हनत नाही.”

मी तिला आळशी म्हणत आले. आत्तापर्यंत. या वहीतसुद्धा.

साहेब जायला निघाले. अर्पिताने विचारलं तर म्हणाले, “मुलीची आजी काय ठरवते ते बघू.”

८ ऑक्टोबर, बुधवार

काल भुलाबाई बोळवली. आज धांडे सोडले आणि पाटी उघडी पडली. मी ती पुसली. महिनाभराची धूळ होती.

अकराच्या सुमाराला खुर्शीदा आली. मागच्या दाराने नाही, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत. पाटीखाली थांबली, वर मान करून एक-एक अक्षर मोठ्याने वाचलं, म्हणजे आशाबाईला तिच्या दारातून ऐकू जावं. मग सबीहाला म्हणाली, “जा, बेटा. मी इथं हाव.” पोर रिकामा डबा घेऊन आत गेली.

आम्ही दोघी बंगईवर बसलो. आतून काहीच आवाज नव्हता. एकदा ठोकळे पडल्याचा आला. खुर्शीदा म्हणाली, “बोलन काय वं ती?” मी म्हटलं, माहीत नाही. म्हटलं, मला तू बोलायला लावलं नाहीस, तरी मी बोलले ना. ती म्हणाली, “मंग बंदच नाही झाली.” आम्ही हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तिच्याही.

अर्पिताने लगेच कळवलं असणार, कारण साहेबांचा निरोप आला, केंद्र मार्चपर्यंत इथेच राहील, पुढचं पुढे बघू. लहानपणी आमच्यासाठी कोणी सरकारी निधी दिला नव्हता. माझ्याजवळ खुर्शीदा होती. सगळ्या पोरींजवळ नसते.

सबीहा बाहेर आली. बोलली नाही, पण हाताला निळा रंग लागला होता आणि तो तिने आजीला दाखवला. अर्पिता दारात उभी राहून म्हणाली, “काकू, तुम्ही या की जरा आत.” मी म्हटलं, मी काय लहान आहे? पण गेले. छोट्या खुर्चीवर बसले. युरियाचा वास गेला आहे हे मला आजच कळलं. अर्पिता समोर बसली आणि तिने काहीच विचारलं नाही. मी एक ठोकळा उचलून बघत बसले.

सबीहाने दारातून पाहिलं. आत आली, रिकामा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेली.

मी तो बराच वेळ धरून बसले. मग म्हटलं, माझ्या आईचं नाव वच्छला होतं.